आडवी पडलेली गाडी आधी उचलून बघ

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

मोटरसायकल निवडायची म्हणून तू पाठवलेला तक्ता नीट वाचला. पाच गाड्या, त्यांचे सीसी, ताकद, टाकी, किंमत, सगळं व्यवस्थित मांडलंयस. फक्त एक रकाना राहिला आहे. गाव जवळ नसताना चिखलात गाडी आडवी झाली, तर तू एकटी ती उचलू शकशील का? मी असतो तर तक्त्याची सुरुवातच तिथून केली असती.

हे मला उशिरा कळलं. काही वर्षांपूर्वी सप्टेंबरात मंगळवेढ्याकडे गेलो होतो. गाडी सामानासकट सव्वादोनशे किलोच्या वर. डांबरी रस्त्यावर इतकी छान चालायची की मी हुरळून गेलो होतो. आदल्या रात्री पाऊस झालेला, आणि जवळची वाट म्हणून मी ज्वारीच्या रानातून जाणारी गाडीवाट धरली. तिथली काळी माती तुला माहीत आहे. चाकाला लागली की सुटत नाही, थरावर थर चढत जातो. पुढचा मडगार्ड टायरला अगदी लागून होता. शंभरेक मीटरमध्ये त्या फटीत माती ठासून बसली आणि पुढचं चाक फिरायचंच थांबलं. गाडी माझ्या उजव्या पायावर आडवी झाली. पाय सामानाची पेटी आणि मातीच्या मध्ये अडकला, पोटरीला सायलेन्सरची धग लागत होती, आणि टाकीच्या झाकणातून पेट्रोल टिपटिप गळत होतं. वीसेक मिनिटांनी बैलांना पाणी दाखवायला निघालेले एक आजोबा आले. आम्ही दोघांनी मिळून गाडी उभी केली, मग काडीने माती उकरत बसलो. गाडीत खोट काहीच नव्हती. त्या वाटेला आणि माझ्या अंगातल्या ताकदीला ती गाडी जुळत नव्हती, एवढंच.

आता पुण्याहून घरी जायची तुझी वाट घेऊ. कात्रजचा बोगदा, खंबाटकी, सातारा, उंब्रज, मल्हारपेठ, पाटण, आणि तिथून घरापर्यंत कच्चा रस्ता, त्यात पावसाळ्यात ओढा. किलोमीटर मोजले तर नव्वद टक्क्यांहून जास्त डांबर आहे. म्हणून तुझं मन मोठ्या इंजिनाकडे ओढ घेतंय, ते समजतं. पण डांबरावर लहान गाडी पंधरा-वीस मिनिटं उशिरा पोचवते. ओढ्यात मोठी गाडी तुला पोचवेलच असं नाही.

रॉयल एनफील्डची हिमालयन 450 चांगली गाडी आहे, हे आधी सांगतो. 452 सीसी, 40 अश्वशक्ती, 17 लिटरची टाकी. खंबाटकी चढताना गिअर बदलायची आठवणही होत नाही. पण वजन 196 किलो. हिरोची एक्सपल्स 200 4व्ही 159 किलोची आहे. फरक 37 किलोंचा, म्हणजे सिमेंटच्या पोत्याचा पाऊण भाग. चालत्या गाडीवर ते पोतं जाणवत नाही. गाडी तिरकी झाली की पहिल्याच क्षणी जाणवतं. तू मागे एक माणूस आणि सामान घेऊन दरवर्षी लडाखला जाणार असतीस, तर मी डोळे झाकून 450 घे म्हटलं असतं. तू एकटी जाणार आहेस, महिन्यातून दोनदा, आणि घरी.

केटीएमचंही लिहिलंयस. जुन्या 390 ॲडव्हेंचरला पुढे 19 इंची अलॉय होतं, 2025 च्या नव्या गाडीला 21 इंची स्पोकचं चाक आलंय, ते बरं झालं. इंजिन जोरदार आहे, पण त्याला वरच्या आरपीएममध्ये ठेवावं लागतं, आणि दगडगोट्यांत हळू चालवताना ते नवख्या हाताला दमवतं. केटीएमचीच 390 एंड्युरो आर हलकी आहे, पण सीट 860 मिमी आणि टाकी फक्त 9 लिटर. तुझ्या उंचीला आणि तुझ्या अंतराला दोन्ही अडचणीचं.

हायवेला लहान गाडी कमी पडेल ही भीती मात्र काढून टाक. समृद्धी महामार्गावर किंवा मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर दुचाकीला मुळात प्रवेशच नाही. चौपदरी महामार्गावर दुचाकीला केंद्राने ठरवलेली वेगमर्यादा ताशी 80 आहे. 80 ला 200 सीसीचं इंजिन कुरकुर न करता दिवसभर चालतं. खंबाटकीत ट्रकच्या मागे अडकलीस तर एक गिअर खाली घ्यावा लागेल, आणि ओव्हरटेकला जागा जरा जास्त लागेल, हे मान्य. जास्त जाणवेल तो वारा. पाटणजवळ वनकुसवड्याच्या पठारावर इतक्या पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत. जून-जुलैत त्या बाजूला आडवा वारा हलकी गाडी हातभर ढकलतो. तेव्हा हँडल घट्ट आवळायचं नाही. गुडघ्यांनी टाकी धरायची, कोपर सैल ठेवायचे, वेग 60 वर आणायचा.

मी एक्सपल्सचं नाव घेतलं ते एवढ्यासाठी की पुढे 21 आणि मागे 18 इंची चाक, 220 मिमी ग्राउंड क्लिअरन्स (जमीन आणि गाडीचा तळ यांतलं अंतर) आणि उंच लावलेला मडगार्ड हे सगळं या किमतीत एकत्र फार कमी गाड्यांत मिळतं. पुढचं चाक जितकं मोठं, तितकं ते खड्ड्यात कमी उतरतं आणि दगडावरून सहज चढून जातं. शहरात वळायला ते थोडं आळशी वाटेल, आठवड्याभरात सवय होईल. नवी एक्सपल्स 210 परवडत असेल तर ती बघ. ताकद 24 अश्वशक्तीच्या आसपास, सहावा गिअर आहे, आणि वजन 170 किलोच्या आतबाहेर. हायवेची तुझी तक्रार त्या सहाव्या गिअरने बरीचशी मिटेल.

सीट 825-830 मिमी म्हणजे तुझी फक्त चवड्यांची टोकं टेकतील. त्याला घाबरू नकोस. दोन्ही पाय टेकायची गरज नसते, एक पाय नीट टेकला की पुरतं. थांबायच्या आधी कुठला पाय, कुठल्या जागेवर टेकणार हे ठरवायची सवय लाव. उताराच्या बाजूला पाय टाकलास तर जमीन लांबच राहील आणि गाडी जाईल. गॅरेजवाला मागच्या शॉकअपची पट्टी बदलून गाडी खाली करून देतो म्हणेल, ते करू नकोस. ग्राउंड क्लिअरन्स जातो, आणि ज्यासाठी ही गाडी घेतली तेच हातातून जातं. फार तर सीटचा फोम थोडा कापून घे.

टायरमधली हवा ही अशी गोष्ट आहे की तिने गाडी अख्खी बदलते, आणि तरी तिच्याकडे कुणी बघत नाही. डांबरावर कंपनीने सांगितलेली हवा ठेव. कच्चा रस्ता लागला की 20-22 पीएसआयपर्यंत उतरव. टायर पसरतो, दगड कवेत घेतो, हँडलचा हादरा बराच कमी होतो. त्याहून कमी नको, कारण एक्सपल्सच्या स्पोकच्या चाकात ट्यूब असते आणि कडेला चिमटून ती फाटते. म्हणून हवा मापायचं मीटर, पायाचा पंप, टायर काढायच्या दोन टॉमी आणि पुढची एक जादा ट्यूब गाडीतच असू दे. पंक्चर काढायला घरच्या अंगणात शिक, रस्त्यावर नाही. पहिल्या वेळेला दोन तास लागतील आणि बोटं सोलवटतील.

मागच्या चाकाचा एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक अडू न देणारी यंत्रणा) बंद करता येतो का, हे घेताना विचार. खडीच्या उतारावर एबीएस मागचं चाक अडूच देत नाही आणि गाडी पुढे पुढे पळते. पुढचा मात्र तुझ्या पातळीला चालूच राहू दे.

जुनी गाडी बघणार असशील तर चाक उचलून प्रत्येक स्पोकवर पाना हलकेच वाजव. सगळे साधारण एकाच सुरात वाजले पाहिजेत. जो बद्द वाजतो तो ढिला. पुढच्या शॉकअपच्या नळीवर तेलाचा ओघळ आहे का बघ. हँडल डावी-उजवीकडे फिरवताना मधोमध अडखळलं तर कोनसेट, म्हणजे हँडलच्या दांड्यातलं बेअरिंग, गेला आहे. इंजिनाखालच्या पत्र्यावर पोचे असतील तर काही बिघडत नाही, मालकाने गाडी वापरली एवढाच त्याचा अर्थ. आणि बजेटमधून 30,000 रुपये आधीच बाजूला काढ. हेल्मेट, घोट्याच्या वर जाणारे बूट, गुडघ्याचे गार्ड. हे पैसे गाडीत घालायचे नाहीत.

एक विनंती आहे. गाडी आली की मित्रमैत्रिणी तुला सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, चल म्हणतील. आपल्या सड्यांवर माती वीतभरसुद्धा नसते. तेवढ्याशा ओल्या थरात सीतेची आसवं फुलतात, दवबिंदू नावाचं रोप उगवतं. त्यावरून एक टायर गेला तर चर पडतो, पाणी त्याच चरातून वाहतं आणि ती माती परत येत नाही. वाट असेल तिथेच चाक घाल. कोयनेच्या अभयारण्यात तर मुळीच नको. मला हे पाहून फार त्रास होतो, म्हणून इतकं लिहिलं.

उचलायची रीत सांगून ठेवतो. इंजिन बंद, गाडी गिअरमध्ये. उजवीकडे पडली असेल तर साईड स्टँड आधीच बाहेर काढून ठेव, नाहीतर उभी करता करता पलीकडे पडेल. हँडल जमिनीकडे पूर्ण वळव. सीटला पाठ लाव, एका हाताने हँडलची मूठ, दुसऱ्याने मागची दांडी धर, पाठ सरळ ठेव आणि बारीक पावलं टाकत मागे मागे जा. जोर पायांचा, कमरेचा नाही.

पुढच्या रविवारी इकडे ये. माझी गाडी बांधाशेजारी आडवी पाडून ठेवतो, टाकी भरलेली. तू ती तीनदा उचल, तिसऱ्यांदा किती दम लागतो ते बघू, आणि मग दोघं मिळून शोरूमला जाऊ. येताना बूट घालून ये.

तुझा,
काका