बाबांना स्टेंट टाकलाय, पण आता बरं वाटतंय म्हणून गोळ्या सोडतात. काय करावं?

तुमच्या प्रश्नातून मला कळलं ते असं की बाबा ६४ चे, सात महिन्यांपूर्वी अटॅक येऊन एक स्टेंट (हृदयाची अडलेली नळी उघडी ठेवणारी बारीक जाळी) पडला, आई-बाबा इथे इंदूरला सुदामानगरात आणि तुम्ही पुण्यात, फोनवर रोज "घेतल्या घेतल्या" म्हणतात पण दिवाळीत घरी आलात तर ड्रॉवरमध्ये भरलेल्या स्ट्रिपा निघाल्या, आणि वर बाबांचं म्हणणं की आता काही होत नाही तर कशाला एवढ्या गोळ्या.

मी डॉक्टर नाही, फार्मासिस्ट आहे, रामबागेच्या बाजूला आमचं मेडिकल आहे वडिलांपासूनचं, त्यामुळे हे उत्तर काउंटरच्या बाजूने समजा. डोस कमीजास्त करणं कार्डिओलॉजिस्टचंच काम.

पहिलं म्हणजे रागावू नका, त्याने फक्त एवढंच होतं की पुढच्या वेळी गोळ्या ड्रॉवरऐवजी बेसिनमध्ये जातात. त्यापेक्षा आईंना सांगा की सगळ्या स्ट्रिपा दिवाणावर मांडायच्या आणि प्रत्येकीवर शेवटच्या बिलापासून किती उरायला पाहिजे होत्या आणि किती उरल्यात ते बघायचं. तुम्ही व्हिडिओ कॉलवर बसून केलंत तरी चालेल. बहुतेक घरांत असं निघतं की माणूस सगळ्या गोळ्या सोडत नाही, एखादी-दोनच सोडतो, आणि ती कुठली यावरून कारण कळतं. रात्रीचीच तेवढी उरलीय तर प्रश्न वेळेचा आहे, एकच विशिष्ट गोळी उरलीय तर तिचा काहीतरी त्रास होतोय आणि बाबा सांगत नाहीयेत, सगळ्या सारख्या उरल्यात तर मग पैसे किंवा "मी बरा झालो" हा समज. प्रत्येकाचा इलाज वेगळा, म्हणून आधी हे.

आता कुठली गोळी सोडली तर किती घाबरायचं ते सांगतो, कारण सगळ्या सारख्या नसतात. सगळ्यात वाईट म्हणजे रक्त पातळ करणाऱ्या दोन. एक ॲस्पिरिन, ती बहुतेकांना कायमची, आणि दुसरी क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलर किंवा प्रासुग्रेल यातली कुठलीतरी एक, ती अटॅकनंतर स्टेंट पडलेल्यांना साधारण १२ महिने देतात, रक्तस्रावाचा धोका असेल तर डॉक्टर आधी थांबवतात, पण ते त्यांनी ठरवायचं. ही जोडी मनाने बंद केली तर स्टेंटच्या आतच गुठळी होऊ शकते, आणि ती झाली की सरळ दुसरा मोठा अटॅक. तुमचे बाबा सातव्या महिन्यात आहेत म्हणजे अजून त्या काळातच आहेत. दात काढायचाय, मोतीबिंदू करायचाय आणि तिथला कोणी म्हणाला "रक्त पातळ करणारी आठवडाभर बंद करा", तरी आधी कार्डिओलॉजिस्टला फोन, मग बाकी सगळं.

दुसरी मेटोप्रोलोल किंवा तत्सम बीटा ब्लॉकर, म्हणजे हृदयाचे ठोके आणि बीपी कमी ठेवणारी, ही एकदम बंद केली तर धडधड, छातीत दुखणं उलटून येतं, सोडायचीच असेल तर डॉक्टर हळूहळू कमी करतात. थकवा येतो, हात-पाय गार पडतात म्हणून लोक हीच गुपचूप सोडतात.

तिसरी स्टॅटिन, कोलेस्टेरॉलची. हिचं सगळ्यात जास्त वाटोळं व्हॉट्सॲपने केलंय. रोज कोणीतरी काका येतात, "पाय दुखतात, त्या कोलेस्टेरॉलच्या गोळीमुळे, ती राहू द्या, बाकीच्या द्या." आता स्नायू दुखणं हा खरा साइड इफेक्ट आहे, नाही असं नाही, पण इंग्लंडमध्ये २०२० मध्ये एक मजेशीर प्रयोग छापून आला होता. त्रास होतो म्हणून स्टॅटिन सोडलेले ६० लोक घेतले, वर्षभरात त्यांना काही महिने खरी गोळी, काही महिने तशीच दिसणारी खोटी गोळी आणि काही महिने काहीच नाही असं आलटून-पालटून दिलं आणि रोज त्रासाचे मार्क द्यायला लावले, तर खऱ्या गोळीने जेवढा त्रास झाला त्याच्या ९० टक्के त्रास खोट्या गोळीनेही झाला. स्वतःचेच आकडे बघितल्यावर त्यातल्या निम्म्या लोकांनी स्टॅटिन परत सुरू केली. म्हणून बाबांचे पाय खरंच दुखत असतील तर "तुमच्या मनाचे खेळ" असं अजिबात म्हणू नका, डॉक्टरांना सांगा, ते रक्तातली सीपीके (स्नायूंना इजा झाली की वाढते ती) तपासतील, डोस कमी करतील किंवा दुसरी स्टॅटिन देतील, पण परस्पर बंद नाही. आणि रात्रीचीच उरत असेल तर एक सोपी गोष्ट, ॲटोरवास्टॅटिन आणि रोसुवास्टॅटिन दिवसातून कधीही चालतात. डॉक्टरांना विचारून सकाळच्या गोळ्यांबरोबर लावून घ्या, रात्रीची भानगडच संपली.

आणखी दोन त्रास लोक सांगतच नाहीत. रामिप्रिल या बीपी-हार्टच्या गोळीने काहींना कोरडा खोकला येतो, माणूस खोकल्याचं सिरप पीत बसतो आणि शेवटी गोळीच सोडतो, खरं तर डॉक्टर ती बदलून टेल्मिसार्टनसारखी देऊ शकतात. आणि टिकाग्रेलरने काहींना धाप लागल्यासारखं होतं, त्यांना वाटतं हार्ट परत बिघडलं. धाप लागली तर दाखवायचंच, पण गोळीमुळे असली तर तिला पर्याय असतो. टिकाग्रेलर दिवसातून दोनदा घ्यायची असते आणि संध्याकाळची हमखास विसरते, हे पण स्ट्रिपवर दिसेल.

आता आमच्या धंद्याची बाजू. स्ट्रिपा एकसारख्या नसतात, कुठली १० ची, कुठली १४ ची, कुठली १५ ची, म्हणजे महिन्याच्या गोळ्या वेगवेगळ्या तारखेला संपतात. मग माणूस काय करतो, ॲस्पिरिन संपली, बाकीच्या अजून चार दिवसांच्या आहेत, "सगळ्या एकदमच आणू", आणि ते चार दिवस ॲस्पिरिनशिवाय. यात आळस नाही, विसरणं नाही, फक्त हिशेब जुळत नाही. तुमच्या दुकानदाराला सांगा की सगळं ३० किंवा ६० दिवसांचं एकाच तारखेला संपेल असं द्या, स्ट्रिप कापून द्यायला लागली तरी, फक्त कापताना नाव आणि एक्सपायरी असलेली बाजू तुमच्याकडे यायला हवी. आणि एकाच दुकानातून घ्या. आम्हाला बिलावरून कळतं, ३० दिवसांची गोळी न्यायला माणूस दीड महिन्याने आला की मी विचारतोच, काका मधले पंधरा दिवस कुठे होता.

दुसरं, कंपनी बदलली की गोळीचा रंग-आकार बदलतो. औषध तेच, पण घरी आजोबांना "पिवळी सकाळी, गुलाबी रात्री" असंच पाठ असतं. मग एक तर दोन्ही घेतात किंवा नवीन बाजूला ठेवतात. आमच्याकडे तर लोक काउंटरवर सरळ म्हणतात, "भिया, वो गोल वाली ही देना, ये लंबी वाली जमती नहीं." हसण्यावारी नेऊ नका. अमेरिकेत अटॅक येऊन गेलेल्या पेशंटांवरचा एक अभ्यास २०१४ मध्ये छापून आला होता, त्यात गोळीचा रंग बदलल्यावर औषध सुटण्याची शक्यता ३४ टक्क्यांनी आणि आकार बदलल्यावर ६६ टक्क्यांनी वाढलेली दिसली. तेव्हा शक्यतो ब्रँड तोच ठेवा, आणि बदलावाच लागला तर आईंसमोर जुनी-नवी स्ट्रिप शेजारी ठेवून दाखवून घ्या.

गोळ्या कमी करता येतील का, हे तर नक्की विचारा. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि ॲटोरवास्टॅटिन अशा तिन्ही एकत्र असलेल्या कॅप्सूल सर्रास मिळतात. युरोपात अटॅक येऊन गेलेल्या जवळपास २५०० पेशंटांवरची एक ट्रायल २०२२ मध्ये छापून आली, ॲस्पिरिन, रामिप्रिल आणि ॲटोरवास्टॅटिन एकाच कॅप्सूलमध्ये, आणि त्या गटात अटॅक, स्ट्रोक वगैरे मोठ्या घटना २४ टक्क्यांनी कमी झाल्या. पुढच्याच वर्षी डब्ल्यूएचओने अशा पॉलीपिल अत्यावश्यक औषधांच्या यादीत टाकल्या. सगळ्यांना एकत्र गोळी बसत नाही, डोस वेगळे असतात, पण विचारायला काय जातं.

उपासाचं विसरू नका हं! आपल्या मराठी घरांत हे फार. एकादशी, चतुर्थी, श्रावणी सोमवार, आणि मग "आज उपास, रिकाम्या पोटी गोळी कशी घेऊ" म्हणून सुट्टी, चातुर्मासात तर मोजूच नका. बाबांना सांगा की साबुदाण्याची खिचडी चालते तर गोळीही चालते. बीपी-शुगर दोन्हीच्या गोळ्या असतील तर उपासाच्या दिवशीचं वेळापत्रक मात्र डॉक्टरांकडून लिहून घ्या, शुगरच्या काही गोळ्या घेऊन उपाशी राहिलं तर चक्कर येऊन पडायची वेळ येते.

मनाने घेतलेली औषधं हा दुसरा घोळ. गुडघे दुखले की डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन मागायला येतात, हार्टच्या पेशंटला हे चांगलं नाही आणि आयब्युप्रोफेन तर ॲस्पिरिनच्या कामात अडथळा आणते. ॲसिडिटीला ओमेप्राझोल किंवा इसोमेप्राझोल घेत असतील आणि क्लोपिडोग्रेल चालू असेल तर क्लोपिडोग्रेलचा असर कमी होतो, म्हणूनच डॉक्टर सहसा पँटोप्राझोल लिहितात. लो सोडियम मीठ आणलं असेल तर तेही सांगा, त्यात पोटॅशियम असतं आणि रामिप्रिल-टेल्मिसार्टनबरोबर ते रक्तात वाढू शकतं. बाकी मिठाचं म्हणाल तर इंदूरच्या माणसाला पोह्यांवर शेव आणि जीरावन मसाला नको म्हणणं म्हणजे भांडणच, मी तरी एवढंच म्हणतो की रोज नको, रविवारी घ्या.

"बरा झालो" याचं उत्तर बाबांना असं द्या की नर्मदेच्या लाइनचा एक जोड बदलला, बाकी पाइप जुनाच आहे. स्टेंटने एक अडथळा उघडला, चरबी साठायचा रोग सगळ्याच नळ्यांमध्ये आहे, गोळ्या त्या बाकीच्यांसाठी. पण खरं सांगू का, हे तुमच्यापेक्षा बाहेरच्याने सांगितलेलं जास्त पटतं. बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजच्या लोकांनी देशातल्या १४ हॉस्पिटलांत ८०६ हार्ट पेशंटांवर करून बघितलंय, थोडं शिकवलेले आरोग्य कार्यकर्ते, डॉक्टर नव्हेत, हॉस्पिटलात आणि नंतर घरी जाऊन पेशंटशी आणि घरच्यांशी बोलायचे, अडचण काय ते विचारायचे, वर्षाने औषध नीट घेणारे ९७ टक्के, आणि ज्यांच्याकडे कोणी गेलं नाही त्यांच्यात ९२. म्हणून सुदामानगरात बाबांच्या सकाळच्या फिरण्याच्या ग्रुपमध्ये कोणी बायपास-स्टेंटवाले काका असतीलच, त्यांना हळूच कामाला लावा.

पैशाचा प्रश्न असेल तर बाबा तुम्हाला सांगणार नाहीत, तुम्हीच विचारा. आयुष्मान कार्डात ऑपरेशन आणि डिस्चार्जनंतरची १५ दिवसांची औषधं येतात, रोजच्या गोळ्या वर्षभर नाहीत. जनऔषधी केंद्रात हीच औषधं बरीच स्वस्त मिळतात (स्वतः मेडिकलवाला असून सांगतोय, घरचे ऐकतील तर ओरडतील). दवा बाजारातूनही (इथलं औषधांचं होलसेल मार्केट) लोक एकदम घेतात, चालतं, फक्त बिल घ्या.

पिलबॉक्स, मोबाइलचा अलार्म, हे सगळं ठीक आहे, विसरणाऱ्याला उपयोगी, नको म्हणणाऱ्याला नाही.

फॉलोअपला ओपीडीत पाच मिनिटं मिळतात, तेव्हा आईंच्या हातात एक कागद द्या: चालू गोळ्या, कुठली सुटते आणि का, घरच्या बीपीचे आकडे. आणि डॉक्टरांना हे विचारायला सांगा की दुसरी रक्त पातळ करणारी नक्की कुठल्या महिन्यापर्यंत, एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल किती आलं आणि किती हवं (अशा पेशंटांना ५५ च्या खाली ठेवा म्हणतात, आपल्या कार्डिओलॉजिकल सोसायटीनेही २०२४ मध्ये तेच सांगितलंय), आणि इको (हृदयाची सोनोग्राफी) परत कधी. स्टॅटिनचा डोस बदलला असेल तर ४ ते १२ आठवड्यांत लिपिडची म्हणजे कोलेस्टेरॉलची रक्ततपासणी परत करायची असते, ते बऱ्याच घरांत राहूनच जातं.

तोवर मध्ये कधी छातीत जडपणा, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ आली तर गॅस समजून सोडा पाजत बसायचं नाही, १०८ लावायचा आणि थेट अँजिओप्लास्टी होते अशा हॉस्पिटलात. आईंना हा नंबर पाठ हवा.

गोळ्यांची नावं, डोस आणि दिवाणावरच्या मोजणीत काय निघालं ते इथेच खाली लिहा, प्रिस्क्रिप्शनचा फोटो टाकलात तर वरचं नाव-पत्ता झाकून टाका. रात्री दुकान बंद केल्यावर बघतो.