रविवारी चिक्कोडीला जाशील तेव्हा

प्रिय मित्रा,

त्या पोराला भेटायला तू हो म्हणालास, बरं केलंस. उसाच्या ट्रॅक्टरवरून पडला, आपल्या दोघांसारखंच कमरेखाली काही कळत नाही, मिरजेहून घरी येऊन महिना झाला. मला एवढंच ठाऊक आहे.

उंबऱ्यातच त्याची आई विचारेल, "माझा लेक चालंल न्हवं?" उत्तर देऊ नकोस. ते डॉक्टरांनी तपासून सांगायचं. तू तिच्याकडं चहा माग. ती आत गेल्याशिवाय पोरगा तोंड उघडणार नाही.

मग लघवीचा विषय तूच काढ, तो काढायचा नाही. तू दर ४ ते ६ तासांनी हात धुऊन नळी घालतोस, हे सरळ सांग. पाणी कमी प्यायलं की नळीची कटकट कमी होते, असं त्याला वाटत असणार. मलाही वाटायचं, मग थंडी वाजून ताप भरला.

हातातला आरसा घेऊन जा. माकडहाडाजवळची कातडी रोज कशी बघायची ते दाखव. लाल डाग बोटानं दाबूनही पांढरा पडत नसेल, तर तो विरेपर्यंत त्यावर भार द्यायचा नाही. खाटेवर २ तासांनी कूस, चाकाच्या खुर्चीत पंधरा-वीस मिनिटांनी पुढं वाकायचं. घड्याळ लावू दे.

माझ्या पायाची गोष्ट सांगितलीस तरी चालेल. पहिल्याच पावसाळ्यात, खानापूरच्या गारठ्यात, मी शेगडीला पाय टेकून बसलो होतो. करपल्याचा वास आला तसा बायकोवर ओरडलो, "तव्यावर काय ठेवलंयस?" माझीच टाच होती ती. पोरगा हसला तर पुढचं तोच विचारेल, लग्नाचंसुद्धा. नाही हसला तर उकरू नकोस.

मुरलीकांत पेटकरांनी १९७२ साली हायडेलबर्गला, अपंगांच्या ऑलिंपिकात (पॅरालिम्पिक), पोहण्यात सुवर्णपदक मिळवलं, हे त्याला कुणीतरी पाहुणा ऐकवणारच. तू नको ऐकवूस. खाटेवरून खुर्चीत यायला ज्याला चार माणसं लागतात, त्याला आधी फळीवरून सरकता आलं पाहिजे. तू त्याच्यासमोर एकदा सरकून दाखव, घाई न करता, धापा टाकत का होईना.

कागदपत्रांचं दुसऱ्या भेटीत. यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, देशभर चालतं, बेळगावातही नि मिरजेतही, एवढंच वडिलांच्या कानावर घाल.

आणि निघताना स्वतःची नळी पिशवीत टाक. मागच्या खेपेला निपाणीपर्यंत जाऊन परत फिरला होतास.

तुझा,
खानापूरचा काका