भिवंडी ते कोलकाता: गाडी कुठून न्यायची, केव्हा सोडायची

तुमचा प्रश्न असा आहे: नवी दहाचाकी, भिवंडीचा माल, कोलकात्याचं पहिलंच भाडं, पार्टी म्हणतेय पाच दिवसांत पोचवा, तर जवळचा रस्ता कोणता आणि समृद्धीचा टोल परवडेल का?

रस्त्याची निवड खरं तर नागपूरपर्यंतच आहे: समृद्धी महामार्ग की नाशिक-धुळे-अकोल्याचा जुना रस्ता. पुढे भंडारा, देवरी, राजनांदगाव, रायपूर, सराईपाली, संबलपूर हा 53 नंबरचा हायवे, मग देवगड, केओंझर, बहरागोडा, खरगपूर. एकूण 1,900 किलोमीटरच्या वर धरा. केओंझरच्या पट्ट्यात लोहखनिजाचे डंपर असतात, त्यापुढे बांगरीपोसीचा घाट. नवा ड्रायव्हर असेल तर हा टप्पा दिवसाच काढायला सांगा.

समृद्धी जून 2025 पासून पूर्ण 701 किलोमीटर सुरू आहे. कसारा घाट टळतो, नाशिक-धुळे-अकोल्याची गर्दी टळते. पण ड्रायव्हर एकटा असेल तर तिथे वाचवलेले तास तो नागपूरला झोपण्यात घालवणार, आणि घालवायलाच हवेत. मग टोल कशासाठी भरला? दोन ड्रायव्हर असतील तरच माझं मत समृद्धीला. एप्रिल-मेमध्ये दुपारच्या काँक्रीटवर रबर चढवलेले टायर घेऊन जाऊ नका.

आता पाच दिवसांचं. गाडी धावायला पाच दिवस पुरतील, माल उतरायला पुरतीलच असं नाही. कोलकात्यात मोठ्या गाड्यांना दिवसा शिरता येत नाही. कोलकात्याच्या अलीकडे धुलागडला थांबून रात्रीची वाट बघावी लागते. शनिवारी रात्री पोचलात आणि गोदाम रविवारी बंद, म्हणजे सोमवारपर्यंत गाडी उभी. म्हणून आधी पार्टीकडून माल उतरवायचा वार घ्या, तिथून उलटे दिवस मोजा आणि मग भिवंडीतून गाडी कधी सोडायची ते ठरवा. दुर्गापूजेच्या आठवड्यात तर मी गाडी पाठवतच नाही.

ई-वे बिलाची, म्हणजे मालासोबतच्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाची, काळजी नको. 200 किलोमीटरला एक दिवसाची मुदत, म्हणजे तुम्हाला 10 दिवस मिळतात. गाडी बिघडून माल दुसऱ्या गाडीत भरला तर त्या बिलाच्या भाग ब मध्ये नव्या गाडीचा नंबर टाकायचा, एवढं ड्रायव्हरला माहीत हवं. मुदत वाढवायची तर ती संपण्याच्या 8 तास आधीपासून 8 तास नंतरपर्यंतच वाढते.

वजन मात्र भिवंडीतच काट्यावर करून घ्या. दहाचाकीला मालासकट 28.5 टन. त्यावर गेलात की 20,000 रुपये दंड, वर जादा टनामागे 2,000, आणि जादा माल तिथेच उतरवायचा.

पैसा सुटतो तो परतीत. कोलकात्याहून रायपूरपर्यंत रिकामी आणून तिथे लोखंड भरू म्हणाल, तर आठशेएक किलोमीटरचं डिझेल खिशातून जाईल. वर्धमानचा तांदूळ किंवा हावड्यातला माल मिळतो का, ते तिथल्या दोन-तीन ब्रोकरांना आजच विचारा. दर कळल्यावरच जाण्याचं भाडं पक्कं करा, आणि दुसऱ्या दिवसापासूनचं हॉल्टिंग (गाडी उभी राहिल्याचे पैसे) किती ते बिल्टीवर, म्हणजे मालाच्या पावतीवर, लिहून घ्या. फोनवरचं "देऊ की शेठ" कोलकात्यात चालत नाही.