जाड आवाजाची लेक आणि उषा उथुप

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे. आवाज जाड म्हणून शाळेच्या समूहगीतातून तिला काढलं. घरी दिवसभर जॅझ आणि उषा उथुप ऐकत असते. उषाजी नेमक्या कुणाकडे शिकल्या, क्लबमध्ये गायला कशा लागल्या? आणि हिला क्लास लावू का?
– एक आई, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : ताई, आधी हे लेकीलाच वाचायला द्या. उषाजींनाही भायखळ्याच्या शाळेत गाण्याच्या तासाला हेच ऐकावं लागलं होतं, आवाज जुळत नाही म्हणून गाण्यातून बाहेर, पण पोरीला लय आहे हे बाईंना दिसत होतं म्हणून त्या ट्रँगल, म्हणजे धातूचं त्रिकोणी वाद्य, वाजवायला द्यायच्या. रीतसर तालीम अशी झालीच नाही. वडील मुंबई पोलिसात, घर तमिळ, आणि रेडिओवर वेस्टर्न क्लासिकलपासून बडे गुलाम अली खाँ, किशोरीताई आमोणकरांपर्यंत सगळं चालू, तेच कानावर पडत गेलं. मोठ्या बहिणीही गायच्या. माझ्या मते एवढं ऐकणं हीच त्यांची तालीम!

1969 मध्ये चेन्नईच्या माउंट रोडवर नाइन जेम्स नावाच्या छोट्या नाइट क्लबमध्ये त्या पहिल्यांदा गायल्या, मग कोलकात्याचं ट्रिंकाज रेस्टॉरंट, मग दिल्लीचं ओबेरॉय हॉटेल, तिथेच देव आनंद मंडळींनी ऐकलं आणि सिनेमा मिळाला. आता विचार करा, त्या काळात क्लबची गायिका म्हणजे गाऊन, झगमगाट, आणि ही बाई कांजीवरम नेसून, मोठं कुंकू लावून, केसात गजरा माळून जॅझ गातेय, तेही त्याच भारदस्त आवाजात! लोक खुर्च्या सोडून नाचायचे. 2012 ला ‘7 खून माफ’ सिनेमातल्या ‘डार्लिंग’ गाण्यासाठी रेखा भारद्वाजसोबत फिल्मफेअर, 2024 ला पद्मभूषण.

क्लास जरूर लावा, गायक विष्णु दिगंबर पलुस्करांनी आश्रम बांधला त्या नाशिकात शिकवणाऱ्यांची काय कमी. फक्त पहिल्याच दिवशी विचारा की पट्टी, म्हणजे गाण्याचा मूळ सा, कोणती देणार, कारण मुलगी म्हटलं की सरसकट पेटीची काळी चार नाहीतर काळी पाच धरतात आणि जाड गळ्याची पोर वर ताणून ताणून बेसूर होते. तिला त्याहून खालच्या पट्टीत गाऊन बघू द्या, शास्त्रीय गायिका गंगूबाई हनगलही खालच्याच पट्टीत गायच्या ना. सर तयार नसतील तर दुसरे सर बघा.