आईच्या विसरभोळेपणावर ‘युआन झी’ हे चिनी मूळ द्यावं का?

आई ७१ वर्षांच्या आहेत, दोनदा गॅस चालू ठेवून बाहेर गेल्या, आणि ऑनलाइन ‘युआन झी’च्या कॅप्सूल मिळतायत तर मागवू का, असं तुम्ही विचारलंय. मी म्हणेन, आत्ता नको. हे मूळ मी स्वतः प्यायलोय, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

नोकरीसाठी शांघायला होतो तेव्हा झोप पार उडाली होती आणि दिवसा रोजच्या माणसांची नावं आठवेनात. सहकाऱ्याने चिनी वैद्याकडे नेलं. त्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली. मग काउंटरवरच्या बाईंनी लाकडी खणांतून एकेक जिन्नस काढून तोलला आणि कागदावर मांडला. त्यात करड्या-पिवळ्या, पेन्सिलीहून बारीक, आडव्या सुरकुत्यांच्या पोकळ नळ्या होत्या. तेच युआन झी. मुळातला कडक गाभा ओढून काढतात, म्हणून नळी उरते. मग ती ज्येष्ठमधाच्या पाण्यात उकळतात, कारण कच्चं मूळ घशाला खाजतं. माझ्या घशाला तर काढाही खाजला, अळू नीट शिजलं नाही की खाजतं ना, तसाच. झोप लागायला लागली खरी, पण तोवर प्रोजेक्टही संपला होता!

नावाचा अर्थ ‘दूरवरचा निश्चय’. गंमत म्हणजे जमिनीवरच्या रोपाला मात्र ‘छोटं गवत’ म्हणतात. चौथ्या शतकात श्ये आन हा चिनी मुत्सद्दी एकांतवास सोडून सरकारी चाकरीत आला, तेव्हा त्याला यावरूनच टोमणा बसला: दडून राहिलं तर दूरवरचा निश्चय, बाहेर आलं की छोटं गवत.

चिनी वैद्य हे मूळ सहसा इतर औषधांच्या जोडीने देतात. सातव्या शतकातल्या सुन स-म्याओ या वैद्याच्या एका प्रसिद्ध योगात जिनसेंग, फू-लिंग ही बुरशी, युआन झी आणि शी छांग-पू असे चार जिन्नस आहेत. यातलं शेवटचं म्हणजे आपण बाळगुटीत उगाळतो त्या वेखंडाचं भावंड. काळजीने मन बेचैन, त्यामुळे झोप नाही आणि म्हणून विसर, अशा माणसासाठी हे औषध. शिवाय कफावरही देतात. म्हणजे आपल्याकडे ‘ब्रेन टॉनिक’ म्हणून जे विकतात, तसलं हे नव्हे.

उंदरांवर पुष्कळ काम झालंय, कोरियात माणसांवर छोटे प्रयोगही झालेत. पण याने डिमेन्शिया थांबतो हे सिद्ध झालेलं नाही. यातली सॅपोनिन्स, म्हणजे साबणासारखा फेस आणणारी द्रव्यं, पोटाला झोंबतात, त्यामुळे अल्सर किंवा जठराला सूज असेल तर चिनी वैद्यही जपून देतात.

त्याच साइटवर ‘हुपरझिन ए’ दिसेल. ते वेगळ्याच वनस्पतीतलं, आणि त्याचं काम डोनेपेझिल या डिमेन्शियावरच्या गोळीसारखंच. आईंना ती गोळी सुरू असेल तर वर हे देऊ नका, नाडी मंदावू शकते.

आधी बी-१२, थायरॉइड आणि कान तपासून घ्या. झोपेची गोळी चालू असेल तर तीही डॉक्टरांना दाखवा. माझ्या आईचं बी-१२ तळाला गेलं होतं. आम्ही मात्र सहा महिने बदाम भिजवत बसलो होतो. इंजेक्शनांनंतर बराच फरक पडला.

आणि गॅसला ठरावीक वेळाने आपोआप बंद होणारा टायमर मिळतो. तो मात्र याच आठवड्यात बसवून घ्या.