इंजिन उघडण्याआधी

अशी पत्रं वरचेवर येतात, पण बहुतेक सगळी इंजिन उघडून, नवे पिस्टन बसवून, बिल हातात पडल्यावर येतात. तुमचं पत्र त्याआधी आलं, म्हणून ते बाकीच्यांच्या पुढे घेतलं.

तुमची हकिकत थोडक्यात अशी. १९ महिन्यांपूर्वी जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडून तुम्ही घरच्या वापरासाठी पेट्रोल कार घेतली. त्याने इंजिन आणि गिअरबॉक्सवर ६ महिन्यांची लेखी हमी दिली. चौथ्या महिन्यात गाडी सुरू करताना निळा धूर येऊ लागला आणि ऑइल कमी होऊ लागलं. तुम्ही धुराचा व्हिडिओ त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलात. ‘गाडी घेऊन या, बघू’ असं उत्तर आलं. त्याने ऑइल बदलून गाडी परत दिली, आणि तिथून पुढे वर्षभर फोन आणि आश्वासनं. आता तुमचा मेकॅनिक सांगतो की पिस्टनच्या रिंगा गेल्या आहेत, बोअर (सिलिंडरची आतली भिंत) झिजला आहे. फुल इंजिन काम करा, म्हणजे आहे तेच इंजिन उघडून नव्याने बांधा, नाहीतर दुसरं इंजिन बसवा. तुम्ही विचारता, यातलं काय करू आणि खर्च व्यापाऱ्याकडून मिळेल का?

त्याआधीचा प्रश्न तुम्ही विचारलेलाच नाही. इंजिन उघडू का? आज तरी उघडू नका.

हमीपत्राचा जो फोटो तुम्ही पाठवला आहे, त्यातली मागच्या बाजूची चौथी अट मोठी करून वाचा. ‘आमच्या लेखी परवानगीशिवाय इंजिन अथवा गिअरबॉक्स अन्यत्र उघडल्यास हमी रद्द समजली जाईल.’ पत्रात तुम्ही या अटीचा उल्लेखही केलेला नाही, म्हणजे ती तुम्ही वाचलेली नाही. खाली सही तुमची आहे. गाडी घेताना टायर दाबून बघता, सीट मागेपुढे करून बघता, आणि ज्या एका कागदावर सगळं उभं राहणार तो न वाचता घडी घालून डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकता, याचा मला खरोखर त्रास होतो. बाकीची सगळी पत्रं याच वाक्यावर अडकतात.

समजा ही अट नसती, तरी मी हेच सांगितलं असतं. झीज किती होती हे सिद्ध करायची जबाबदारी तुमची आहे. सिलिंडर बोअरिंगच्या मशिनवर चढला की झिजलेला थर लोखंडाच्या किसात जातो. वर किती झीज, खाली किती, बोअर लंबगोल झाला होता का, हे नंतर कुणालाही मोजता येत नाही. माझ्या एका अशिलाने काम करून घेतलं आणि मग दावा लावला. बिलं होती, मेकॅनिकचं पत्र होतं. समोरच्या वकिलाने एवढंच विचारलं की जुन्या रिंगा आणि पिस्टन कुठे आहेत. ते भंगारात गेले होते. त्या एका उत्तरानंतर आमच्याकडे दाखवायला काही उरलं नाही.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी नोटीस. तारखा लिहा, चौथ्या महिन्यातल्या संदेशाचा उल्लेख करा आणि ‘१५ दिवसांच्या आत गाडीची आमच्यासमक्ष तपासणी करा, अन्यथा इंजिन अन्यत्र उघडण्यास लेखी परवानगी द्या; दोन्ही न केल्यास परवानगी नाकारण्याचा हक्क सोडला असे समजले जाईल’ हे वाक्य घाला. स्पीड पोस्टने पाठवा, पोच जपा, तोच मजकूर ईमेल आणि व्हॉट्सअ‍ॅपवरही पाठवा. फोन करू नका. वर्षभर केलेल्या फोनांचा आज काडीचाही उपयोग होत नाही. उपयोगी पडणार आहे तो तुम्ही हमीच्या मुदतीत पाठवलेला एक व्हिडिओ आणि त्याखालचं ‘बघू’. व्यापाऱ्याला तक्रार मुदतीत कळली होती हे त्यावरून दिसतं. तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागू शकतं. ते वकील करून देईल.

हे १५ दिवस हातावर हात ठेवून बसायचं नाही. इंजिन न उघडता बरंच कळतं. स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजता येतं. एकदा कोरडं, मग प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल घालून ओलं. ऑइल घातल्यावर आकडा चढला तर दोष रिंगा-बोअरमध्ये, नाही चढला तर बहुधा व्हॉल्व्हमध्ये. लीक-डाऊन चाचणीत सिलिंडरमध्ये हवा भरतात आणि ती कुठून निसटते ते ऐकतात. ऑइल भरायच्या तोंडाशी फुसफुस ऐकू आली तर रिंगा, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं झाकण, म्हणजे हेड, यांमधलं पॅकिंग). हे आकडे तुमच्या नेहमीच्या मेकॅनिककडून नव्हे, तर तुमच्याशी काही संबंध नसलेल्या ऑटोमोबाईल इंजिनिअर किंवा सर्व्हेअरकडून लेखी घ्या. अहवालात इंजिन क्रमांक, चॅसी क्रमांक, ओडोमीटरचा आकडा आणि तारीख असू द्या. गाडीच्या दोषाच्या प्रकरणात ‘मेकॅनिक म्हणतो’ हे पुरत नाही.

आता मुदत. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ६९ प्रमाणे तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांत तक्रार दाखल व्हावी लागते. तक्रारीचं कारण चौथ्या महिन्यात घडलं असा युक्तिवाद मी स्वतः करेन, पण त्यावर विसंबून राहायला सांगणार नाही. गाडी ताब्यात घेतल्याच्या तारखेपासून मोजा. म्हणजे तुमच्याकडे ५ महिने उरले आहेत. ‘तो करतो म्हणत होता म्हणून थांबलो’ असं तुम्ही लिहिता. समोरच्याच्या आश्वासनांनी मुदत वाढत नाही. उशीर माफ करायची सोय कायद्यात आहे, पण त्यासाठी ग्राहक आयोगाला पटणारं कारण लागतं, आणि भिडेखातर गप्प बसलो हे तसं कारण नाही. नोटिशीची मुदत संपली की दुसऱ्या आठवड्यात तक्रार दाखल करा. तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात ती करता येते, व्यापाऱ्याच्या गावाला जायची गरज नाही.

तक्रारीसोबतच दोन अर्ज द्या. एक, त्याच कायद्याच्या कलम ३८(२)(क) खाली तज्ज्ञ तपासणीचा. कायद्यात तपासणीच्या अहवालासाठी ४५ दिवस दिले आहेत. फी आधी तुम्हालाच भरावी लागेल. दुसरा, तपासणी झाल्यावर किंवा ठरावीक दिवसांत न झाल्यास गाडी दुरुस्त करण्याच्या परवानगीचा अंतरिम (निकालाआधीचा) अर्ज. हा दुसरा अर्ज पुष्कळ वकील देत नाहीत आणि अशील अडकतो. कायदा म्हणतो की वस्तूची तपासणी लागत नसेल तर ३ महिन्यांत आणि लागत असेल तर ५ महिन्यांत निकाल देण्याचा प्रयत्न व्हावा. प्रत्यक्षात ५ महिन्यांत कधी कधी नोटीस बजावून लेखी म्हणणं येण्यापलीकडे काही होत नाही. रिकाम्या खुर्च्या, सदस्यांच्या न झालेल्या नेमणुका, तारखेमागून तारीख. माणूस कामावर जायची गाडी दारात उभी करून वर्षानुवर्षं निकालाची वाट बघू शकत नाही, आणि त्याने तशी बघावी असं गृहीत धरणारी व्यवस्था त्याच्यावर अन्याय करते.

गाडी तशीच पडू देणं कायद्यालाही मान्य नाही. करार कायदा, १८७२ च्या कलम ७३ च्या स्पष्टीकरणानुसार, नुकसान टाळायचे जे उपाय हाताशी होते त्यांचा भरपाई ठरवताना विचार होतो. धूर दिसत असताना ऑइल न बघता गाडी पळवलीत आणि इंजिन जाम झालं, तर क्रँक आणि बेअरिंगचा खर्च तुमच्याच माथी येईल. तेव्हा गाडी शक्यतो उभी ठेवा. चालवावीच लागली तर दर वेळी डिपस्टिक (ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी) बघा आणि किती ऑइल घातलं ते तारखेसह वहीत लिहा.

गाडी परत करून पूर्ण पैसे मिळतील या आशेवर राहू नका. वस्तू विक्री कायदा, १९३० च्या कलम ४२ प्रमाणे वाजवी मुदत उलटूनही नाकारल्याचं न कळवता माल ठेवून घेतला, तर तो स्वीकारला असं धरतात. १९ महिने गाडी वापरल्यावर तुमचा दावा मुख्यतः दुरुस्तीचा खर्च आणि भरपाई एवढाच राहतो. त्यातही वजावट होऊ शकते, कारण जुन्या इंजिनात नवे पिस्टन आणि बेअरिंग पडले की गाडी तुम्ही घेतली होती त्याहून चांगली होते. किती वजावट, हे आधी सांगता येणार नाही.

व्यापारी म्हणेल की जुनी गाडी आहे, झीज होणारच. हे म्हणणं पोकळ नाही. हमीपत्र नसतं तर तुम्हाला जड गेलं असतं. डिलिव्हरी नोटवर ‘आहे त्या स्थितीत’ असंही छापलं आहे. एकीकडे लेखी हमी आणि दुसरीकडे ही ओळ, यात आयोग हमीकडे झुकेल असं मला वाटतं. खात्री देत नाही. आणखी एक काम आजच करा. अधिकृत सर्व्हिस सेंटरकडून गाडीचा जुना सर्व्हिस इतिहास मागवा. त्यातला एखादा जुना किलोमीटरचा आकडा डिलिव्हरीच्या दिवशीच्या आकड्याहून मोठा निघाला, तर प्रकरण झिजेचं राहत नाही, फसवणुकीचं होतं, आणि मग मला पुन्हा लिहा. नुसतं गप्प राहणं आणि मीटर मागे फिरवणं यांत कायदा फार फरक करतो.

ज्यांनी ओळखीच्या माणसाकडून गाडी घेतली आहे, त्यांनी हे उत्तर जसंच्या तसं लावू नये. एखादीच गाडी विकणारा व्यापारी नसतो, त्याच्याविरुद्ध ग्राहक आयोगाचं दार सहसा उघडत नाही. दिवाणी दावा करावा लागतो, त्याची मुदत साधारणपणे ३ वर्षं.

आता तुमचा मूळ प्रश्न. बांधायचं की बदलायचं हे क्रँक, ब्लॉक आणि हेड किती शाबूत आहेत त्यावर ठरेल, आणि ते उघडल्याशिवाय कळणार नाही. वकील म्हणून मी आहे तेच इंजिन बांधायच्या बाजूने आहे. ब्लॉक तोच राहिला की इंजिन क्रमांक तोच राहतो. दुसरं जुनं इंजिन बसवलं तर क्रमांक बदलतो, मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ खाली आरटीओकडे नोंद करावी लागते, ते इंजिन कुठून आलं त्याची कागदपत्रं लागतात, विमा कंपनीला कळवावं लागतं. शिवाय आयोगासमोर ज्या इंजिनाबद्दल तक्रार आहे तेच गाडीत नाही, असं व्हायला नको.

परवानगी मिळाली, किंवा नोटिशीला उत्तर न देता व्यापारी गप्प बसला आणि तपासणीही होऊन गेली, की मग उघडा. हेड निघताना सलग व्हिडिओ घ्या. बोअर मशिनवर जाण्याआधी प्रत्येक सिलिंडरचं माप वर, मध्ये आणि खाली, दोन दिशांनी बोअर गेजने घ्यायला लावा आणि इंजिनिअरच्या सहीने लिहून घ्या. जुन्या रिंगा, पिस्टन, बेअरिंग सिलिंडरवार वेगळ्या पिशव्यांत, चिठ्ठी लावून, घरी आणा. बिल जीएसटीचं, इंजिन क्रमांक घातलेलं घ्या.

गाडी सध्या कुठे आहे हे तुम्ही लिहिलेलं नाही. मेकॅनिककडे असेल तर हे वाचून होताच त्याला फोन करा आणि हेडचा एकही बोल्ट सैल करू नका म्हणून सांगा.