वाचकांचे प्रश्न : अमेरिकी घटनादुरुस्तीचं घोडं कुठे अडतं?

प्रश्न : अमेरिकेत राष्ट्राध्यक्षांच्या सहीने घटना बदलता येते का?

उत्तर : नाही, त्यांची सही लागतच नाही. काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मतं मिळाली की ठराव थेट राज्यांकडे जातो. ५० पैकी ३८ राज्यांनी मान्यता दिली तरच दुरुस्ती लागू होते. खरी गाडी अडते ती इथेच. स्त्री-पुरुष समान हक्कांचा १९७२ चा ठराव वाढीव मुदत १९८२ मध्ये संपली तेव्हा ३५ राज्यांवरच अडकलेला होता. मुदत मात्र काँग्रेस घालते, घटना नव्हे. म्हणूनच खासदारांच्या वेतनाविषयीची, १७८९ मध्ये मुदत न घालता मांडलेली २७ वी दुरुस्ती १९९२ मध्ये मंजूर होऊ शकली. तब्बल दोनशे वर्षांनी!